आमोसच्या गीताचा लिलाव

जामखेड तालुक्यातील बोरखळी गावी जी ख्रिस्ती मंडळी आहे, तिच्या पंचकमिटीचा चिटणीस या नात्याने पुढील हकिकत सादर करीत आहे. हकिकत आमोसच्या गाण्याविषयी आहे. आमोस मिशनच्या विहिरीवर मोट हाकतो, वागायला सरळ आहे, उपासनेला वेळेवर येतो आणि त्याला गाता येत नाही. यांपैकी पहिल्या तीन गोष्टींविषयी कमिटीत अधूनमधून मतभेद झाले. चौथीविषयी कधीच झाले नाहीत.

हे कसे ठरले ते आधी सांगतो, म्हणजे कमिटीने घाई केली असे कोणी म्हणणार नाही. लढाई सुरू होण्याच्या सुमारास मायदेशी परतणाऱ्या एका मडमेने आमच्या मंडळीला एक पायपेटी भेट दिली होती. त्या वर्षी नाताळच्या उपासनेत आमोस एकट्याने गीत म्हणण्यासाठी उभा राहिला. त्याने तोंड उघडले आणि त्याच क्षणी देवळात असा काही आवाज झाला, की कडेवरची पोरे किंचाळली आणि भिंतीपलीकडे राहणाऱ्या रंगनाथच्या म्हशीने दावे तोडले. पाळक पीटरसाहेबांनी हात वर करून लगेच आशीर्वाद दिला व उपासना संपवली. मागाहून पेटी उघडली, तेव्हा भात्याचे कातडे उंदरांनी कुरतडलेले आढळले, हे खरे आहे. आमोसचे म्हणणे पडले की आवाज पेटीचा होता, त्याने स्वतः अजून सुरुवातही केली नव्हती.

कमिटीने या म्हणण्याचा सहानुभूतीने विचार केला. परंतु पेटी ही भेट होती. भेटीत खोट काढणे म्हणजे देणाऱ्याचा उपमर्द करणे. दुसऱ्या बाजूने पाहता आवाज तर झाला होता, शेकडो कानांनी ऐकला होता, तेव्हा त्याला कोणीतरी धनी असणे जरूर होते. सबब आवाज आमोसचा, असा ठराव एकमताने मंजूर झाला. आमोस सभेला हजर होता. पण तो कमिटीचा सभासद नसल्यामुळे त्याचे मत मोजता आले नाही.

दुसऱ्या दिवशी आमोसची बायको हन्ना शाळेत माझ्यापुढे येऊन उभी राहिली. मी मिशनच्या शाळेचा मास्तरही आहे.

"मास्तर, त्येंचा गळा लई ग्वाड हाय. मी रोज ऐकते."

"हन्नाबाई, बायकोची साक्ष चालत नाही."

"मग कुनाची चालती?"

"ज्याचा संबंध नाही त्याची."

"ज्याचा संबंध न्हाई त्यानं ऐकलंच न्हाई की!"

"म्हणूनच तो निःपक्षपाती असतो," मी म्हणालो, आणि मुलांना पाढे म्हणायला लावले. अशा बायकांशी वाद घालण्यात शाळेचा वेळ जातो.

आमोसची इच्छा तशी मोठी नव्हती. त्याच्या मयत आईने त्याला उपकारस्तुतीचे एक चार कडव्यांचे गीत शिकवले होते. ते मंडळीसमोर उभे राहून एकदा शेवटपर्यंत म्हणायचे, एवढेच त्याला हवे होते. मिशनची विहीर गावापासून पार लांब, खर्ड्याच्या बाजाराच्या वाटेवर आहे. तिथे मोट हाकताना तो ते गुणगुणत असे. त्या वेळी बैल कान टवकारून उभे राहतात, असे त्यानेच एकदा भाबडेपणाने सांगितले. पाळकसाहेबांनी त्याचा अर्थ भीती असा लावला.

दर नाताळला, दर पुनरुत्थानाच्या सणाला तो टोपी हातात घेऊन पाळकसाहेबांच्या ओसरीवर यायचा. "फकस्त एक डाव, पाळकसाहेब. मागच्या बाकापाशी उभा राहून म्हंतो. न्हाई आवडलं तर पुन्यांदा तोंड उघडनार न्हाई."

"आमोस, तुझी इच्छा पवित्र आहे," पाळकसाहेब मायेने म्हणत. "ती इच्छाच राहू दे."

या स्थितीत मंडळीचा कारभार सुरळीत चालला होता. बिघाड झाला तो सुगीच्या उपकारस्तुतीला.

आमच्याकडे पीक घरात आले की एका रविवारी ही उपासना होते. ज्याच्या शेतात जे पिकले ते तो वेदीपुढे आणून ठेवतो. कोणी बाजरीची कणसे, कोणी डांगर, कोणी कोंबडी, कोणी अंडी. उपासना आटोपली की देवळापुढच्या लिंबाखाली या वस्तूंचा लिलाव होतो व उत्पन्न मंडळीच्या कामी लागते. लिलाव पुकारण्याचे काम चिटणिसाकडे, म्हणजे माझ्याकडे असते. लढाईपायी बाजारातून चिल्लर नाहीशी झाली होती, म्हणून लोक बोली बाजरीत लावू लागले. पुढे सरकारने धान्यावर लेव्ही, म्हणजे सक्तीची वसुली, बसवली आणि बाजरीचे नाव उघड्यावर घेणे अडचणीचे झाले. तेव्हा पाळकसाहेबांच्या सूचनेवरून बाजरीला 'भक्तिभाव' म्हणावे असे ठरले. डांगराला अर्धी पायली भक्तिभाव, कोंबडीला एक पायली भक्तिभाव. लेव्हीचा कारकून एकदा शेजारी उभा राहून सगळा लिलाव ऐकून गेला आणि आमच्या धार्मिकतेबद्दल त्याने तहसीलदारांकडे फार चांगले मत दिले.

त्या साली आमोसच्या वाट्याच्या पट्टीत काहीच उगवले नाही. रिकाम्या हाताने वेदीपुढे जाणे त्याला बरे वाटेना. लोकांच्या रांगेत तो पुढे सरकला, वेदीपाशी आला आणि म्हणाला, "माज्याकडं देन्याजोगं दुसरं काय न्हाई. मी गीत अर्पन करतो."

एवढे बोलून त्याने छाती भरून श्वास घेतला. देवळातल्या बायकांनी पोरांचे कान झाकले.

"थांब!" मी ओरडलो. मंडळीच्या नियमाप्रमाणे वेदीपुढे अर्पण झालेली कोणतीही वस्तू लिलावापूर्वी वापरता येत नाही. मागे देवळाची व्यवस्था पाहणाऱ्या एका डीकनने अर्पणाचे केळे उपासना चालू असतानाच खाल्ले, तेव्हापासून हा नियम कडक आहे. गीत अर्पण झाले होते. तेव्हा लिलावाआधी ते म्हणणे म्हणजे अर्पणाच्या केळ्याला हात घालणेच होय. आमोसने श्वास सोडला व तो निमूटपणे बाजूला झाला.

लिलावात गीत कसे मांडायचे हा प्रश्न निघाला. वस्तू लोकांना दिसली पाहिजे, असा दंडक आहे. म्हणून आमोसलाच डांगर आणि कोंबडी यांच्या मध्ये उभे केले. मी पुकारले, "आमोसचं गीत, कडवी चार, न वापरलेलं!"

बोली लागेना. मग बायकांतून हन्नाचा आवाज आला, "मूठभर भक्तिभाव!" तिच्या पदरात तेवढीच बाजरी होती. मी एक वार, दोन वार म्हणालो आणि तेवढ्यात रंगनाथ ताडकन उठला. त्याचे घर देवळाच्या भिंतीला लागून आहे हे सांगितलेच आहे.

"मास्तर, घेतलेली वस्तू वापरायलाच पायजे का?"

पाळकसाहेबांनी क्षणभर विचार केला. "डांगर घेणाराने ते शिजवलेच पाहिजे, असे आपण कधी म्हटलेले नाही."

"मग एक पायली. आन् गानं कुनी गायचं न्हाई. माजी म्हस गाभन हाय."

गीत रंगनाथला गेले. आमोस घरी गेला. माझ्या ध्यानात आले, की मंडळीच्या इतिहासात प्रथमच न घडलेल्या गोष्टीबद्दल उत्पन्न झाले होते. डांगर पिकवावे लागते, कोंबडी सांभाळावी लागते. या मालाला खर्चच नव्हता.

पुढल्या साली पाऊस बरा झाला होता, आमोसकडे बाजरीही होती. पण कमिटीच्या वतीने मी स्वतः त्याच्या घरी गेलो. "आमोस, देवाला एकदा दिलेलं मागे घेऊ नये. यंदाही गीतच दे."

त्याचे डोळे चमकले. "म्हंजे यंदा म्हनायला मिळंल?"

"ते घेणाराच्या हाती," मी म्हणालो. यात काही खोटे नव्हते.

त्या साली बन्सीने गीताला बोली लावली, आणि तीसुद्धा भलती. बन्सी आणि रंगनाथ यांचा शेताच्या बांधावरून जुना तंटा होता. मी बन्सीला हेतू विचारला. तो सरळ माणूस, त्याने सांगून टाकले. "गानं माजं झालं की मी आमोसाला रोज पहाटं रंगनाथाच्या भिताडापाशी हुबा करनार. म्हस बी जाईल आन् रंगनाथ बी."

रंगनाथने बोली वाढवली. बन्सीने त्यावर चढवली. पायल्यांवरून मापे मणांवर गेली. भक्तिभावाचा असा पूर बोरखळीने कधी पाहिला नव्हता. हन्ना यंदा एक गाठोडे घेऊन आली होती. रोजच्या दळणातून मूठमूठ बाजूला काढून तिने ते जमवले होते. ते गाठोडे मांडीवर घेऊन ती बसून राहिली. तिला तोंड उघडायला जागाच मिळाली नाही. शेवटी रंगनाथने गीत घेतले आणि घरी जाऊन म्हशीला मिठी मारली असे सांगतात.

या उत्पन्नाचे काय करावे यावर कमिटीत बराच खल झाला. आमच्या मंडळीची घंटा तोवर लिंबाच्या फांदीला टांगलेली असे. तिच्यासाठी दगडाचा मनोरा बांधावा असे ठरले. पाया घातला गेला. पायाच्या दगडावर कोणाचे नाव घालावे असा मुद्दा निघाला, तेव्हा आमोसचे नाव कोणी सुचवले नाही. सुचवण्याचे कारणही नव्हते. त्याने काही केलेले नव्हते.

परंतु मनोरा सुरू करणे निराळे आणि पुरा करणे निराळे. गीताचा भाव टिकवणे आता अगत्याचे झाले. त्यासाठी एक उपसमिती नेमली, तिचा निमंत्रक मी. उपसमितीने पहिला ठराव असा केला, की आमोसने कुठेही फुकट गाऊ नये, मोटेवरसुद्धा नाही; फुकट मिळणाऱ्या वस्तूला बोली येत नाही. दुसरा ठराव असा, की आमोसचा रियाज जोरात चालू आहे असे गावाला दिसत राहावे. धाक कमी झाला तर भाव पडेल. दोन्ही ठराव एकमेकांविरुद्ध आहेत, असे पाळकसाहेब म्हणाले. मी त्यातून मार्ग काढला. आमोसने दर शनिवारी गळ्याला लोकरी पट्टी गुंडाळून, हातात आल्याचा तुकडा घेऊन, घसा खाकरत गावातून एक फेरी मारावी. मात्र सूर लावू नये.

आमोसने हे सर्व मनोभावे केले. त्याला वाटायचे, गाण्यासाठी माणसाला असेच तयार करीत असतील. "मास्तर, औंदा व्हईल ना?" तो खाकरत खाकरत मला विचारी. मी म्हणे, "तयारी ठेव." मागून बायका दारे लावून घेत.

तिसऱ्या साली हन्ना पूर्ण तयारीने लिलावाला आली. गाठोडे जाऊन तिच्याजवळ पोते झाले होते. बन्सी आणि रंगनाथ यांनी दम घ्यायला बोली थांबवली, तेवढ्यात ती उठली आणि तिने पोत्यावर हात ठेवला. "हे सगळं. आन् गानं आजच, हितंच म्हनायचं."

लोकांत एकच गलका उठला. मला कबूल केले पाहिजे की क्षणभर माझीही मती गुंग झाली. पण पाळकसाहेब शास्त्रात मुरलेले. ते शांतपणे उभे राहिले. "पती आणि पत्नी ही एकदेह आहेत, असे वचन आहे. देणाराने आपलेच अर्पण आपणच विकत घ्यावे, हे कसे चालेल? आमोस देणारा. हन्ना त्याच्याशी एकदेह. अर्थात हन्नाही देणारीच."

"मग दोन सालं म्या बी अर्पन केलं आसंल की," हन्ना म्हणाली. "त्येचं पुन्य तरी कुटं लिवलंय?"

हा प्रश्न उपप्रश्न असल्यामुळे घेता आला नाही. ती पोत्याशेजारी खाली बसली. तिला रडू येत होते आणि ते लोकांना दिसू नये म्हणून ती पोत्याचे तोंड पुन्हा पुन्हा बांधत होती. आमोस डांगराशेजारी उभा होता, तिथूनच तिला म्हणाला, "आगं, पुढल्या साली." गीत यंदा बन्सीच्या गळ्यात पडले. त्याची बाजरी लिलावातच संपली आणि भिंतीपाशी गाणे म्हणवून घेण्याचा उत्साह त्याला उरला नाही. मनोरा पुरुषभर उंच झाला.

यानंतर कमिटीकडून एक चूक झाली. ती चूक होती असे मी आता म्हणतो. त्या वेळी तो धोरणीपणा होता. बन्सी आणि रंगनाथ दोघेही कंगाल होत आलेले, आणि मनोरा तर घंटेपर्यंत न्यायचा होता. तेव्हा लिलाव सर्वांना खुला आहे, अशी दवंडी आम्ही खर्ड्याच्या बाजारात पिटवली. ख्रिस्ती असो, नसो, ज्याचा भक्तिभाव जास्त त्याचा माल. कमिटीच्या या उदार दृष्टीचे पाळकसाहेबांनी त्या रविवारच्या उपदेशात कौतुकही केले.

लिलावाच्या दिवशी मनकर्णा बैलगाडी घेऊन आली. मनकर्णा ही मिशनच्या विहिरीला लागून असलेल्या मळ्याची मालकीण. विधवा बाई, तिकडच्या वाडीतली, भैरोबाची भक्त. गाडीत पोती होती. त्यांतल्या एकाला हन्नाच्या लुगड्याच्या काठाचे ठिगळ लावलेले मला स्पष्ट दिसले. पण पोत्याचे कूळ तपासण्याचा अधिकार नियमात नाही.

"आमोसचं गीत!" मी पुकारले.

"समदी गाडी," मनकर्णा म्हणाली.

बन्सी आणि रंगनाथ यांनी एकमेकांकडे पाहिले. बांधाचा तंटा, म्हैस, शिव्याशाप, सगळे विसरून ते दोघे एका ठिकाणी सरकले, त्यांच्यात कुजबूज झाली, आणि रंगनाथने दोघांच्या वतीने बोली लावली. तालुक्याच्या पंचांना जे जमले नव्हते ते आमोसच्या गळ्याने करून दाखवले. पण दोघांची मिळून जी काय शिल्लक होती ती मनकर्णेच्या गाडीपुढे उणी पडली.

"मनकर्णाबाई," मी शेवटचा प्रयत्न म्हणून विचारले, "तुम्ही हे गीत बंद ठेवण्यासाठी घेता ना?"

"बंद ठिवायला कशाला गाडीभर बाजरी आनू? मला ऐकायचंय."

"भक्तिभाव," पाळकसाहेबांनी हळूच दुरुस्ती केली.

"काय आसंल ते. मास्तर, पाटाचं पानी माज्या मळ्यात येतं तवा संगं सूर बी यायचा. पन अर्दा. मोट भरून वर आली की तो थांबायचा. सालोसाल म्या अर्दंच गानं ऐकलं. आन् मागच्या सालापासनं तुमी त्येबी बंद केलं. आता पुरं ऐकल्याबिगार मी हालनार न्हाई."

तिसरा पुकार देणे मला भाग पडले. मनोऱ्याचा गवंडी समोरच उभा होता.

आता गाणे काही टळत नव्हते. आमोस डांगराशेजारून हलला. त्याने गळ्याची पट्टी काढली आणि नीट घडी करून हन्नाच्या हातात दिली. लोक चपला शोधू लागले. अशा वेळी चिटणिसाने डोके शांत ठेवायचे असते. मी टेबलावर हात आपटला आणि नियम स्पष्ट केला. गीत आता मनकर्णाबाईंच्या मालकीचे आहे. तिथे उभे राहून ते इतरांनी ऐकणे म्हणजे परक्याच्या मालाचा फुकट उपभोग घेणे होईल. ते चोरीत मोडते आणि चोरी करू नको अशी आज्ञा आहे. सबब गीत देवळात व्हावे आणि मालकीण सोडून सर्वांनी बाहेर दूर व्हावे. लोकांनी आज्ञेचे पालन इतक्या तत्परतेने केलेले मी आजवर पाहिले नव्हते.

"हन्ना माज्यापाशी बसंल," मनकर्णा म्हणाली. "माजा माल, मी कुनालाबी वाटीन."

याला इलाज नव्हता. दोघी आत गेल्या, आमोस आत गेला, आणि मी दार ओढून घेतले. तरीही धोका पुरता टळला नव्हता. देवळाची खिडकी एका बाजूने फुटकी आहे. बायकांनी उशा फोडून कापूस आणला आणि वाटला. रंगनाथने म्हैस गावाबाहेर नेली. पाळकसाहेब डोळे मिटून प्रार्थनेला उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही तळहात कानांवर धरले; आमच्याकडे प्रार्थनेत हात तसे धरीत नाहीत.

मग मला मनोरा आठवला. तो अजून माथ्याला पुरा झाला नव्हता, पण त्या आठवड्यातच घंटा त्यात चढवली होती. आमोसच्या न गाण्यातून दगड दगड करीत उभा राहिलेला तो मनोरा अशा प्रसंगी गावाच्या उपयोगी पडला नाही, तर मग बांधला कशाला? मी दोर हातात घेतला आणि आतून पहिला सूर बाहेर येण्यापूर्वी घंटा वाजवायला सुरुवात केली. सगळा जोर लावून वाजवली. दम लागला तेव्हा बन्सीने दोर घेतला, त्याच्यामागून पुन्हा मी. दार उघडेपर्यंत घंटा एकदाही थांबली नाही. बोरखळी वाचली.

दार मनकर्णेने उघडले. तिच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या, पदर ओला झाला होता. मागे हन्ना होती. तिचे तोंड मी तसे कधी पाहिले नव्हते. ती हसत होती आणि रडतही होती, आणि आमच्याकडे तिचे लक्ष नव्हते. मी कानांतला कापूस काढला व चिटणीस या नात्याने विचारपूस केली.

"बाई, काय झालं?"

"काय झालं म्हंजी? गानं झालं."

"फार त्रास झाला का?"

मनकर्णेने माझ्या हातातल्या दोराकडे पाहिले. "मास्तर, घंटा का वाजवली वो?"

"लोकांच्या सुरक्षिततेसाठी."

"कशापासनं?"

हा विषय पत्रिकेवर नव्हता. मी मनकर्णाबाईंच्या डोळ्यांतील पाण्याची नोंद 'इजा' या सदराखाली करून घेतली.

शेवटी आमोस बाहेर आला. त्याने रांजणातले पाणी ओंजळीने घेतले, पोटभर प्यायला, तोंड पुसले आणि कोणालाही उद्देशून नव्हे, आपल्याशीच म्हणाला, "चारी कडवी झाली." मग तो बैलांना वैरण घालायला निघून गेला. त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान होते ते मला मुळीच आवडले नाही. इतक्या लोकांना घाबरवून सोडल्यावर माणसाने थोडे तरी ओशाळावे.

पुढच्या सुगीला आमोस रांगेत आला आणि त्याने वेदीपुढे एक डांगर ठेवले.

"आणि गीत?" मी विचारले.

"त्ये आता मनकर्णाबाईचं हाय, मास्तर. तुमीच इकलं."

कायदा त्याच्या बाजूने होता. रंगनाथ आणि बन्सी यांना आपली मालकी सांगायचे कधी सुचले नव्हते; मनकर्णाबाईने मात्र गेलेला माल मंडळीकडे पुन्हा अर्पण करण्यास नकार दिला, आणि वर असे ऐकले की तिने तो आमोसला मोटेवर म्हणण्यासाठी कायमचा दिला आहे. त्या वर्षी लिलावात भक्तिभाव फारच थोडा जमला. मनोरा माथ्यावाचून राहिला आहे आणि पावसाळ्यात घंटेवर पाणी गळते. बन्सी आणि रंगनाथ यांचा बांधाचा तंटा पुन्हा उभा राहिला.

आमोस आता रोज सकाळी विहिरीवर गातो, उघड, पुरे गीत, मोट वर आली तरी थांबत नाही. कमिटीच्या सभासदांनी त्या वाटेने जाऊ नये असा ठराव झाला असून तो कसोशीने पाळला जातो. खर्ड्याच्या बाजाराला जाणारे लोक विहिरीपाशी डोक्यावरची ओझी उतरवून बसून राहतात आणि बाजाराला उशिरा पोचतात, अशा तक्रारी आल्या आहेत. ते पाणी प्यायला थांबत असावेत. ते परगावचे आहेत, त्यांना आमोसविषयी पूर्वपीठिका कोणी सांगितलेली नाही. आमच्या गावात मात्र आमोसला गाता येत नाही हे मत पहिल्याइतकेच पक्के आहे, आणि ज्या गोष्टीवर सगळ्या गावाचे इतकी वर्षे एकमत आहे ती खोटी कशी असेल?

हकिकत येथे संपते. आमोस देवळात उभा राहिला तेव्हापासून इथवर जे वाचक हसत आले, ज्यांना त्याच्या गळ्याविषयी आमच्याइतकीच खात्री वाटली, अशांना आमच्या पंचकमिटीवर घेण्यास आनंद वाटेल. सध्या काही जागा रिकाम्या आहेत. त्याचे गाणे ऐकलेले असले पाहिजे, अशी अट नाही.